कोणता चहा घ्यावा, आणि तो केव्हा घ्यावा

फोंड्याहून आलेल्या आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. आईंचे वय ६१ असून नऊ वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. त्यासाठी मेटफॉर्मिन चालू आहे आणि थायरॉईडची गोळीही रोज सकाळी घेतली जाते. चार महिन्यांपूर्वी एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून त्यांचा दोन वेळचा दुधाचा चहा बंद झाला आणि न्याहारी, दुपारचे जेवण व रात्रीचे जेवण यांच्या पाठोपाठ एकेक कप ग्रीन टी, चमचाभर मध घालून, सुरू झाला. रक्तातील साखर काही उतरली नाही. हिमोग्लोबिन मात्र १०.१ वरून ९.४ वर आले आणि डॉक्टरांनी लोहाची गोळी लिहून दिली. आता गवती चहा, तुळशीचा चहा, पांढरा चहा, ऊलाँग यांपैकी प्रकृतीला सर्वांत चांगला कोणता, आणि पाचवा महिना चालू असलेल्या वहिनींनाही तोच द्यावा का, असे आपण विचारले आहे.

गोव्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मला बावीस वर्षे झाली. चहाविषयी कोणी विचारले नाही असा आठवडा या काळात क्वचितच गेला असेल, आणि बहुतेकांचा प्रश्न आपल्यासारखाच, म्हणजे ‘कोणता’ असा असतो. आपल्या आईंच्या बाबतीत मला स्पष्ट सांगावेसे वाटते की त्यांच्या चहाचा प्रकार बदलला गेला; बदलायला हवी होती ती त्याची वेळ आणि त्यात पडणारा गोडवा. ग्रीन टी वाईट नाही आणि दुधाचा चहाही विष नाही. परंतु जेवणावर लगेच घेतलेला कोणताही चहा पांडुरोग, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, असलेल्या व्यक्तीला सोसत नाही, आणि मध घातलेला कोणताही चहा मधुमेहीला सोसत नाही.

काळा, हिरवा, पांढरा आणि ऊलाँग हे चारही चहा एकाच झुडपाच्या पानांपासून होतात. कॅमेलिया सायनेन्सिस हे त्याचे शास्त्रीय नाव; त्याच्या एका उपप्रकाराची लहान पाने मूळची चीनकडची आणि दुसऱ्याची मोठी पाने आसामकडची. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर त्याचे काय केले जाते यामुळे. नीरफणस चिरून पाण्यात टाकायला उशीर झाला, की त्याच्या कापा काळवंडतात हे आपल्या स्वयंपाकघरात सर्वांनी पाहिलेले आहे. चहाच्या पानातही तेच घडते, कारण पान चुरगळले की त्यातील विकर (एन्झाइम) आणि कॅटेचिन नावाची द्रव्ये हवेतील ऑक्सिजनच्या सान्निध्यात एकत्र येतात आणि पान तांबूस-काळे होत जाते. ही क्रिया पुरी होऊ दिली की काळा चहा, अर्ध्यावर थांबवली की ऊलाँग, आणि पान खुडल्याबरोबर जपानी पद्धतीने वाफेवर किंवा चिनी पद्धतीने कढईत तापवून विकर निकामी केले की हिरवा चहा तयार होतो. पांढरा चहा कोवळ्या कळ्यांचा असतो आणि त्यावर फारसे संस्कार होत नाहीत. तो महाग आहे, चवीला नाजूक आहे, पण त्याच्या किमतीच्या प्रमाणात प्रकृतीला जास्त लाभ होतो असे मानण्याइतका पुरावा नाही. आपण दुधात उकळतो ती दाणेदार पूड म्हणजे सीटीसी चहा. १९३०च्या दशकात आसामात निघालेल्या या यंत्रपद्धतीत पान चिरडून, फाडून त्याचे बारीक दाणे वळले जातात. त्यामुळे थोड्या पुडीत दाट रंग उतरतो, आणि तेवढ्याच झपाट्याने तुरटपणाही उतरतो.

हिरव्या चहात कॅटेचिने मूळ रूपात राहतात आणि त्यांतील ईजीसीजी या द्रव्याची जाहिरात सर्वाधिक होते. काळ्या चहात त्याच कॅटेचिनांपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही द्रव्ये बनतात. काळ्या चहाचा लालसर रंग आणि तरतरीत चव त्यांचीच. म्हणजे काळा होताना चहातील सगळे गुण जळून जातात ही समजूत बरोबर नाही. जपानच्या ओहसाकी भागातील ४०,५३० प्रौढांच्या पाहणीत, जी २००६ साली प्रसिद्ध झाली, दिवसाला पाच किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांत एकूण मृत्यूचे प्रमाण एका कपाहून कमी पिणाऱ्यांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी दिसले. हा फरक प्रामुख्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांतील होता, कर्करोगातील नव्हे. ब्रिटनमधील सुमारे पाच लाख लोकांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काळा चहा दोन किंवा अधिक कप घेणाऱ्यांत असाच ९ ते १३ टक्क्यांचा फरक आढळला, आणि त्यांपैकी बहुतेक जण दूध घालूनच चहा पीत होते. हे दोन्ही निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. चहा पिणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात, म्हणून ‘चहामुळेच आयुष्य वाढले’ असे त्यावरून म्हणता येणार नाही. तरीही माफक प्रमाणातील चहा अपायकारक नाही, आणि काळा व हिरवा यांत थोरला-धाकटा ठरवण्यासारखे फारसे काही नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

प्रत्यक्ष चाचण्यांतील आकडे पाहिले की अपेक्षा आपोआप जमिनीवर येतात. नियमित ग्रीन टीने रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल सरासरी ४ ते ५ मिलिग्रॅमने उतरते. उपाशीपोटीची साखर एखाद-दोन मिलिग्रॅमने उतरते, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सीवर लक्षणीय परिणाम दिसत नाही. वजनाच्या बाबतीत कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये सर्व चाचण्यांचा जो आढावा घेतला, त्यात ग्रीन टीमुळे होणारी घट वैद्यकीयदृष्ट्या नगण्य ठरली. आपल्या आईंची साखर ग्रीन टीने उतरली नाही यात आश्चर्य वाटण्यासारखे म्हणून काहीच नाही.

साखर उतरली नाही याचे आणखी एक कारण आपल्याच पत्रात आहे. माझ्याकडे येणाऱ्या मधुमेही मंडळींना मी घरचा साखरेचा चमचा बरोबर आणायला सांगते आणि टेबलावरच्या छोट्या काट्यावर तो त्यांच्याच हातून भरून घेते. सपाट भरलेला लहान चमचा ४ ते ५ ग्रॅम भरतो. पण घरोघरी तो सपाट कधीच भरला जात नाही, आणि शीग घेऊन भरलेला चमचा ७ ग्रॅमपर्यंत सहज जातो. हे वजन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर समजावून सांगायला फारसे काही उरत नाही. लहान चमचाभर मधाचे वजन ७ ग्रॅमच्या आसपास असते आणि त्यात जवळजवळ ६ ग्रॅम साखरच असते. आई पूर्वी दुधाचा चहा दोन वेळा, प्रत्येकी सपाट चमचाभर साखर घालून घेत असतील, तर दिवसाला ८ ते १० ग्रॅम साखर जात होती. आता तीन कप ग्रीन टीमधून १८ ग्रॅम जाते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढासाठीही अशी वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. मधाला आपल्याकडे औषधाचा मान आहे आणि तो असू द्यावा, पण रक्तातील साखरेच्या दृष्टीने मध, गूळ आणि साखर यांत पंक्तिभेद करता येत नाही. चहाबरोबरचे पदार्थही याच हिशेबात धरावेत. पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, कांकणे, बटर, खारी हे सगळे चहात बुडवले की किती गेले ते कळतच नाही. भूक असेल तर कोंड्याची एक पोई (गोव्याचा पाव) खावी, आणि तिची गणना न्याहारीत करावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, तो म्हणजे लोह. आपल्या आहारातील लोह दोन प्रकारांनी येते. मासे आणि मांसातील काही लोह रक्तद्रव्याला जोडलेले असते आणि ते शरीर सहज घेते. तांबडी भाजी, चवळी, कुळीथ, नाचणी, तांदूळ यांतील लोह मात्र सुटे असते, आणि चहातील टॅनिन व इतर तुरट द्रव्ये त्याला आतड्यातच पकडून ठेवतात. मग ते रक्तात न जाता शरीराबाहेर टाकले जाते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात पावाबरोबर पाणी दिले तेव्हाच्या तुलनेत काळा चहा दिल्यावर लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटले. त्या प्रयोगातील आणखी दोन निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचे वाटतात. चहात दूध घातल्याने हा परिणाम फारसा कमी झाला नाही. आणि पुदिना व कॅमोमाइल यांसारख्या, चहाच्या झुडपाशी काही संबंध नसलेल्या वनस्पतींच्या काढ्यांनीही शोषण घटले, पुदिन्याने तर ८४ टक्क्यांनी. म्हणून ‘हर्बल आहे, मग जेवणावर चालेल’ हे गृहीत धरू नये.

सोमवार, गुरुवार, श्रावण आणि चतुर्थीच्या काळात आपल्याकडे कित्येक घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण असते. त्या दिवसांत लोह जवळजवळ सर्वच सुट्या प्रकारचे असते, आणि नेमके त्याच जेवणानंतर ‘जड वाटते’ म्हणून चहा ठेवला जातो. तांबडी भाजी आणि चवळीचे तोणाक करण्यासाठी घेतलेली मेहनत पुढच्या दहा मिनिटांत त्या कपाने अर्ध्याहून अधिक वाया घालवलेली असते. उपाय कठीण नाही. जेवणात ताजे लिंबू पिळावे, किंवा आवळा, पेरू यांसारखे क जीवनसत्त्वाचे काही घ्यावे, कारण त्यामुळे हेच सुटे लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. आणि चहा जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा एक तास नंतर घ्यावा. २०२४ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही हेच एक तासाचे अंतर सांगितले आहे. पांडुरोग असलेल्यांना मी स्वतः दीड तास सांगते, कारण घरातला ‘एक तास’ बहुधा चाळीस मिनिटांचा असतो.

डिचोलीच्या एक शिक्षिका काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या होत्या. आठ महिने लोहाची गोळी न चुकता घेऊनही त्यांचे हिमोग्लोबिन ८.९ वरून हलत नव्हते, आणि गोळ्यांचा ब्रँड तीन वेळा बदलून झाला होता. गोळी केव्हा घेता असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “सकाळी सातला, चहाबरोबर. गोळ्यांची पट्टी चहाच्या डब्याच्या झाकणावरच असते, म्हणजे विसरायला होत नाही.” आम्ही ना आहार बदलला ना गोळी; गोळीची वेळ तेवढी अकरा वाजताची केली आणि चहाऐवजी लिंबू पिळलेले पाणी सांगितले. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.२ झाले.

तरीही आपल्या आईंच्या बाबतीत सगळा दोष चहावर टाकून स्वस्थ बसणे मला धोक्याचे वाटते, आणि ही गोष्ट मी आग्रहाने लिहीत आहे. पाळी थांबून दहा वर्षे झालेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन उतरते, तेव्हा रक्त कोठून तरी झिरपत नाही ना, हे आधी पाहावे लागते. जठरातील व्रण, मूळव्याध किंवा आतड्यातील गाठ यांतून थोडे थोडे रक्त महिनोन्‌महिने जात असते आणि डोळ्यांना काही दिसत नाही. दुसरे म्हणजे मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्याने ब१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते. त्यातूनही पांडुरोग होतो; पायांना मुंग्या येतात, आणि त्या मधुमेहाच्या समजून सोडून दिल्या जातात. तिसरे, जुन्या मधुमेहात मूत्रपिंडांची शक्ती कमी झाली तरी हिमोग्लोबिन उतरते. म्हणून संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन (लोहाचा साठा), ब१२, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), टीएसएच (थायरॉईडसाठी) आणि शौचातील अदृश्य रक्ताची तपासणी यांविषयी आईंच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोलावे, आणि त्यांनी दुर्बिणीची तपासणी सुचवली तर ती टाळू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. मेटफॉर्मिन घेणारी माणसे आपल्याकडे घराघरांत आहेत, आणि ब१२ची तपासणी मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांनी केलेली असते, असा माझा रोजचा अनुभव आहे.

थायरॉईडच्या गोळीचे गणितही असेच आहे. ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य असल्यास तासभर, चहा-कॉफी काहीही घेऊ नये. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी आणि थायरॉईडची गोळी यांच्यात चार तासांचे अंतर हवे. तीनही गोळ्या एकाच तळहातावर घेऊन वर चहाचा घोट घेणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे थायरॉईडचे प्रमाण वर्षभर खाली-वर होत राहते आणि औषधाची मात्रा उगाच वाढवली जाते.

कॅफीनचा विचार वहिनींसाठी अधिक महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते, तर १५० मिलिलीटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०. आणि प्रौढांनी दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी असे तिचे सांगणे आहे. गरोदरपणात ही मर्यादा २०० मिलिग्रॅम धरावी, असे युरोपातील अन्नसुरक्षा यंत्रणा सांगते आणि मीही तेच सांगते, कारण गरोदर स्त्रीच्या शरीरातून कॅफीन बाहेर पडायला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो. म्हणजे दोन कप चहाला हरकत नाही. ग्रीन टीमध्ये कॅफीन थोडे कमी असले तरी नसते असे नाही, आणि माचा हा तर सबंध पानाची पूड पाण्यात घुसळून घेतला जातो, त्यामुळे त्यात ते साध्या ग्रीन टीपेक्षा अधिक उतरते. वहिनींना सरकारी कार्यक्रमातील ६० मिलिग्रॅम लोह व फॉलिक अॅसिडची गोळी १८० दिवस घ्यायची असेलच. तिच्या जवळपास चहा नसावा. मळमळीसाठी आल्याचा पातळ चहा घेण्यास हरकत नाही. ज्येष्ठमध घातलेले काढे आणि ‘हर्बल’ मिश्रणे मात्र त्यांनी टाळावीत, कारण ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनाही हीच सूचना लागू आहे. सध्या आपल्याकडे कोंबुचा नावाचा चहा पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो न उकळलेला, आंबवलेला असल्यामुळे गरोदरपणात नको.

परसातल्या चहांविषयी मला मनापासून आपुलकी आहे. गवती चहाची दोन पाती मुरगळून आधणात टाकली की जो सुगंध सुटतो, त्याने साखर कमी घातल्याचे जाणवत नाही. हा त्याचा माझ्या लेखी सर्वांत मोठा औषधी उपयोग आहे, आणि त्यात कॅफीनही नसते. तुळस, आले, मिरी यांनी घसा मोकळा वाटतो. धणे-जिऱ्याचा कषाय पावसाळ्यात पोटाला बरा वाटतो, मात्र त्यात गूळ किती पडतो ते पाहावे. तुळशीने किंवा दालचिनीने साखर उतरते असे सांगणाऱ्या चाचण्या आहेत, पण त्या लहान आहेत आणि त्यांच्या भरवशावर गोळी कमी करणे अयोग्य आहे. बाजारातील स्वस्त दालचिनी बहुधा कॅशिया प्रकारची असते आणि तिच्यातील कूमारिन रोज अधिक मात्रेत घेतल्यास यकृताला त्रासदायक ठरते. जास्वंदीचा चहा म्हणून जो रक्तदाबासाठी सांगितला जातो, तो देवाला वाहायच्या जास्वंदीचा नसून लाल अंबाडीच्या फुलाखालच्या मांसल पाकळ्यांचा असतो. त्याने रक्तदाब थोडा उतरतो याला चाचण्यांचा आधार आहे, म्हणूनच रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तो डॉक्टरांना सांगून घ्यावा.

ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या किंवा कॅप्सूल मात्र कोणी आणून दिल्या तरी घेऊ नयेत. कपातला ग्रीन टी आणि हा अर्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१८ मध्ये पुरावा तपासला, तेव्हा दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेतल्यास रक्तात यकृताची विकरे वाढतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसते, असे तिला आढळले.

चहा किती गरम प्यावा याकडेही कोणाचे लक्ष नसते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सियसहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला ‘बहुधा कारणीभूत’ या गटात घातली. यात दोष चहाचा नव्हे, उष्णतेचा आहे. मी घरी तापमापकाने पाहिले, तेव्हा पातेल्यातून कपात ओतलेला चहा ८५ अंशांच्या आसपास होता आणि पाच मिनिटांनंतरही ७०च्या वरच होता. आजोबा मंडळी बशीत ओतून चहा पीत, ती रीत या दृष्टीने उत्तम होती. ग्रीन टी करताना पाणी उकळून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मगच पानावर ओतावे. ८० अंशांच्या आसपास दोन मिनिटे पुरतात. खळखळत्या पाण्यात तो कडू होतो आणि मग कडूपणा घालवायला मध लागतो. आपल्या घरी मध त्याच वाटेने शिरला असावा असा माझा अंदाज आहे.

पुडीची पारख घरी करता येते. पांढऱ्या गाळणकागदावर थोडी चहापूड पसरावी, वर पाणी शिंपडून ती ओली करावी, मग पूड काढून टाकून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडात धरून पाहावा. शुद्ध चहाचा डाग राहत नाही. रंग मारलेल्या पुडीचे तपकिरी-काळे डाग कागदावर उठतात. सुटी पूड घेत असाल तर ही कसोटी अवश्य लावावी.

आता आईंचा दिवस कसा असावा ते सांगते. सकाळी सहाला थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर घ्यावी. सातला एक कप चहा, दुधाचा हवा असल्यास दुधाचा, साखर वा मध न घालता. गोडवा सुटायला तीन आठवडे लागतात, तोवर गवती चहा आणि किसलेले आले हात देतात. दूध बंद केल्यामुळे जी काही प्रथिने आणि कॅल्शियम आईंच्या पोटात जात होते तेही गेले, म्हणून दुधाचा एक कप परत आणण्यास माझी हरकत नाही. न्याहारी साडेआठला. लोहाची गोळी अकरा वाजता लिंबूपाण्याबरोबर, आणि त्यात साखर नको. पोटात ढवळत असेल तर डॉक्टरांना विचारून ती जेवणानंतर घ्यावी, पण चहाशी गाठ घालू नये. दुपारचे जेवण एकला, चहा चारला, तो ग्रीन असो वा काळा, आईंना जो आवडेल तो. कॅफीन निम्मे उतरायलाच शरीराला पाच तास लागतात, म्हणून त्यानंतर चहा नको. रात्री जेवून दीड तास झाल्यावर काही गरम हवे असेल तर गवती चहाची पाती नुसत्या पाण्यात उकळून द्यावीत.

लोहाची कमतरता हेच कारण असेल आणि गोळी योग्य वेळी पोटात जात असेल, तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढायला हवे. तेवढे वाढले नाही तर गोळीचा ब्रँड बदलण्याऐवजी डॉक्टरांकडे परत जावे आणि रक्त कोठे जाते आहे याचा शोध पुढे न्यावा. वाढले, तरी आकडा पूर्ववत झाल्यावर गोळी लगेच थांबवू नये. शरीरातील साठा भरून येण्यासाठी ती आणखी तीन महिने तरी चालू ठेवावी लागते. आणि आजच, हे वाचून झाल्यावर, आईंच्या गोळ्या चहाच्या डब्याजवळ ठेवलेल्या असतील तर तेथून उचलून लिंबांच्या टोपलीजवळ ठेवाव्यात.